पाळणा, कोतळीमार्गे

गाडी बंद करा हो, उगाच डिझेल जाळू नका. फेरीबोट आत्ताच पलीकडे गेली. ती तिकडे भरणार, मग निघणार, मग इकडे येणार. त्यात ओहोटी, म्हणजे वळसा घालून येणार. या, कट्ट्यावर बसा. सावली आहे. तुम्हाला एक गोष्ट सांगतो. थाप नाही, साक्षीदार समोर उभी आहे. ती पांढरी, एका डोलकाठीची होडी दिसते का, नांगरावर डुलतेय? ती गुलबानू. माझं घर ते. पत्ता कोणी विचारला तर मी सांगतो, धाकू डोर्लेकर, मुक्काम पोस्ट नांगर पडेल तिथे.

त्या दिवशी सकाळी मी असाच एका जेटीवर उभा होतो. वेळण म्हणून गाव आहे, खाडीच्या तोंडावर. आणि माझ्या डोक्यावर पाळणा होता.

हसू नका. सागवानी पाळणा, शिडाच्या जुन्या कापडात गुंडाळलेला. शेजारी आमची घडीची सायकल. आणि पुढे माझी बायको, भागी, कमरेवर हात ठेवून रस्त्याकडे बघत.

"गाडी नाय," ती म्हणाली.

"यष्टी येईल की."

टपरीवाला आतून ओरडला, "यष्टी शाळेच्या सहलीला गेली, काका! उद्या येईल!"

"आणि रिक्षा?"

"एकच हाय. ती पेशंट घेऊन गेली."

दुपारी बारा वाजता तळेकुंडला माझ्या नातीचं बारसं. तळेकुंड म्हणजे पार आत, घाटाच्या पायथ्याला. पाळणा माझ्या डोक्यावर. आणि वेळेत पोचलो नाही, तर ती समोरची होडी सुटणार होती आमच्या हातून. कशी, ते सांगतो.

मी तीस वर्षं मुंबईला एका पारशी शेटची ही होडी सांभाळली. रंग मी द्यायचा, शिडं मी शिवायची, रविवारी शेटला फिरवून आणायचं. शेट थकला तेव्हा म्हणाला, "धाकू, ही मी विकली तर घेणारा हिला हॉटेलाच्या दारात शोभेला ठेवेल. तू घेऊन जा." कागद करून दिला. मी घरी येऊन भागीला सांगितलं, तर ती कोळंबी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तीस वर्षं तुमी त्या गुलबानूबरोबर काढलीत, मी चाळीत. आता मला पण बघू दे सवतीचं घर."

आमच्या वाडीत बाईमाणसानं होडीवर पाय ठेवायचा नाही. नारळ वाहायचा, ओवाळायचं, सगळं किनाऱ्यावरून. लोक म्हणाले, धाकूचं डोकं फिरलं. पण भागी चढली. भांडी मांडली, देव मांडले, आणि डोलकाठीला हळदकुंकू लावून म्हणाली, "सवतीबाई, भांडायचं नाय."

अशी दर हिवाळ्याला आम्ही किनाऱ्यानं वरखाली करायला लागलो. मुंबईहून कारवार, कारवारहून मुंबई. पाण्यावर राहण्यात काही त्रास नाही हो. त्रास जमिनीवर. जेटीपासून सगळं लांब असतं. पाणी लांब, रॉकेल लांब, गिरण लांब, डॉक्टर त्याहून लांब. होडकं वल्हवत किनाऱ्याला यायचं, चिखल तुडवायचा, आणि मग पुढे काय? आपली गाडी नाही, ओळख नाही, गाव परकं.

पहिल्याच खेपेला मी रॉकेल आणायला गेलो तो दुपारी तिसऱ्याच गावात सापडलो. तिथल्या लोकांनी मला लग्नाला आलेला पाहुणा समजून जेवायला बसवलं. मी जेवलो. रॉकेल राहिलं. परत आलो तेव्हा भागी वाळूत उभी. सुकलेल्या शेवाळाची आणि शिंपल्यांची जी रेघ असते ना, भरती जिथपर्यंत येते ती, त्या रेघेवर तिनं पाय ठेवला.

"हे बघा. हिच्या खाली तुमी तांडेल, होडीचे म्होरके. तुमी म्हणाल तसं. हिच्या वर मी. जमिनीवर तुमचं डोकं चालत नाय."

मला राग आला. पण खरं होतं. भागी मासळी विकायची. डोक्यावर पाटी घेऊन लग्नाआधीपासून गावंच्या गावं फिरलेली. नवीन गावात उतरली की आधी एकच विचारायची, "आज कुठचा बाजार?" सोमवारी अमक्या गावचा, मंगळवारी तमक्या गावचा, सगळे आठवडी बाजार तिला तोंडपाठ. मी तिला म्हणायचो, बाजार असो नसो, आपल्याला पीठ आणायचंय. ती म्हणायची, तुमी गप रावा. अन् तासाभरात कोणाच्या तरी टेम्पोत पुढच्या सीटवर बसून, पिठाचा डबा मांडीवर घेऊन, ड्रायव्हरच्या आईच्या गुडघेदुखीवर औषध सांगत परत यायची.

तर आमची पोरगी वनिता. तिचं लग्न प्रेमाचं. मुलगा सोन्यासारखा, शिगवणांचा, पण घर शेतीवालं, घाटाखालचं. आणि विहीणबाई, इंदूबाई त्यांचं नाव, त्या जरा तिखट. वनीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, ही रीत. पण माहेर कुठे? माहेर नांगरावर. डॉक्टरीण म्हणाली, बाळंतीण होडीवर नको. मग बाळंतपण सासरीच झालं.

आम्ही मालवणला होतो तेव्हा वनीचा फोन आला. मोबाईलला रेंज फक्त केबिनच्या टपावर उभं राहून डोलकाठीला मिठी मारली की यायची. मी मिठी मारून, फोन भागीच्या कानाला लावून उभा.

"मुलगी झाली," वनी म्हणाली. आम्ही दोघं हसलो. पण ती हसली नाही. "आई, सासूबाई बाया जमवून सांगतात, आमच्या सुनेच्या माहेरी जायचं तर आधी पोहायला शिकावं लागतं. सगळ्या हसतात. मी पण हसते. रात्री झोप येत नाही."

भागीनं फोन कानाशी आणखी दाबून धरला.

"बाराव्या दिवशी बारसं आहे. पाळणा माहेरचा लागतो. तुम्ही येणार आहात का? का वारा पडला म्हणून सांगाल?"

"येणार," भागी म्हणाली. "पाळणा घेऊन येणार. बाळ पाळण्यात घालायच्या आत मी दारात नसले, तर त्या दिवशी होडीवरून उतरेन ती परत पाय ठेवणार नाय. होडी विकून भाड्याची खोली घेईन अन् तुझं माहेर जमिनीवर मांडेन. हे माझं वचन."

मी वरून म्हटलं, "अगो, मला विचारशील तरी!"

"तुमी डोलकाठी धरा," ती म्हणाली.

भागीनं दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ. गुलबानूतला एक जुना बाक सोडवला, अस्सल सागवान, शेट त्यावर बसून चहा प्यायचा. त्याचा पाळणा करायला घेतला. उभ्या दांड्या, खाली पट्ट्या, चार कोपऱ्यांना चार भोकं दोरीसाठी. रंधा मारत होतो आणि होडी चालत होती.

मालवणहून वर यायचं म्हणजे थंडीच्या दिवसांत वारा थोबाडावर. सरळ जाता येत नाही. मी होडी बाहेर काढायचो, भर समुद्रात, मग वळवून आत किनाऱ्याकडे, मग परत बाहेर. भागी वैतागली.

"काय ओ, लेक तिकडे आणि तुमी आफ्रिकेकडे कुठे निघालात?"

"वारा समोरून असला की सरळ गेलीस तर जाग्यावर राहशील," मी म्हटलं. "आधी बाजूला जायचं. वारा जिथे घेऊन जातो तिथे. मग वळायचं. लांब वाटतं, पण पोचतो."

"हां," ती म्हणाली आणि कुंची शिवत बसली. बारशाला बाळाच्या डोक्यावर घालतात ती. मला वाटलं, बाईमाणूस, तिला काय कळलं असेल.

असे आम्ही बारशाच्या आदल्या संध्याकाळी वेळणला नांगर टाकला. सकाळी होडक्यात पाळणा, पाळण्यात कुंची आणि नारळ, वर सायकल, आणि वल्हवत जेटी गाठली. आणि मग यष्टी सहलीला गेलेली.

आता ऐका. जेटीवरून तळेकुंडला सरळ रस्ता म्हणजे सड्यावरचा. चढ चढला की उघडा माळ, जांभा दगड, आणि समोर तळेकुंडच्या डोंगराचं टोक दिसतं. मी ते टोक आदल्या दिवशी समुद्रातून पाहिलं होतं. नाकासमोर.

"सायकलला पाळणा बांधतो, ढकलत चढ चढू, वर गेलो की मिळेल कोणीतरी," मी म्हटलं.

"वर कोण मिळणार नाय," भागी म्हणाली. "आज मंगळवार. कोतळीचा बाजार. सगळी गावं कोतळीला गेलीत. आपण पण कोतळीला जाऊ."

"कोतळी?" मला काही कळेना. "कोतळी तिकडे दक्षिणेला! तळेकुंड इकडे! नातीचं बारसं आहे आणि तू बाजाराला चाललीस?"

"रेघेच्या वर कोण तांडेल?"

"आज नाही," मी म्हटलं. "आज माझी होडी पणाला लागली आहे. शब्द तू दिलास, होडी माझी जाणार."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की दुसरा असता तर भाजून निघाला असता. मग जेटीच्या कट्ट्यावर जाऊन बसली, पदराच्या गाठीतून शेंगदाणे काढले आणि खायला लागली. "जा," म्हणाली.

मी गेलो. पाळणा सायकलवर आडवा बांधला. अशा गाठी मारल्या की वादळात सुटणार नाहीत. चढ चढलो, घामानं न्हालो, आणि सड्यावर आलो. आणि तिथे मतलई वारा. जमिनीवरून समुद्राकडे सुटतो तो, सकाळचा. उघड्या माळावर सणसणीत, अगदी समोरून. मी तीस वर्षं शिडं लावलेला माणूस, पाळणा आडवा बांधला, वर शिडाचं कापड गुंडाळलं, आणि वाऱ्यात निघालो. सांगा काय होणार?

कापड फुगलं. सायकलनं शीड लावलं. मी एक पाऊल पुढे टाकायचो, ती मला दोन मागे आणायची. शेवटी एक झोत असा आला की सायकल, पाळणा आणि मी, तिघं रस्त्याकडेच्या करवंदीत. पुढचं चाक वाकडं. गाठी मात्र सुटल्या नाहीत, तेवढं खरं. पाळण्याला ओरखडा नाही. आतला नारळ पण जागेवर. आणि माझ्या सगळ्या अंगाला काटे.

उठून बघतो तर सडा रिकामा. माणूस नाही, गाडी नाही, गुरं राखणारा पण नाही. सगळी गावं कोतळीला.

सायकल तिथेच एका झाडाला टेकवली, पाळणा डोक्यावर घेतला आणि उतरलो खाली. वाटलं, गेली असेल भागी. गेली असेल तर बरंच, तोंड लपवायला जागा मिळेल.

ती तिथेच होती. शेंगदाणे संपत आले होते.

"आलात?" म्हणाली. "भरती लागली वाटतं." आणि माझ्या दंडातला काटा काढला. एक काढला, दुसरा राहू दिला. म्हणाली, "हा आठवणीला."

उन्हं चढली होती. बाराला पोचणं मला तर अशक्य दिसत होतं. मनात म्हटलं, संपलं, धाकू. गुलबानू गेली हॉटेलाच्या दारात.

तेवढ्यात गावातल्या वाडीतून बाजाराची टमटम आली. आत मासळीवाल्या बाया, पाट्यांवर पाट्या, पाय ठेवायला जागा नाही. भागीनं हात केला. हात कसला, तलवार. टमटम थांबली.

"कोतळी?" भागीनं विचारलं.

"कोतळी. पण जागा कुठाय गो?"

"जागा करायची असते," भागी म्हणाली आणि बसली. मला मागे लटकायला लावलं. पाळणा टपावर. चढवताना बायांनी तो पाहिलेला, वाटेत एक नथवाली म्हातारी मला म्हणते, "काय ओ तांडेल, या वयात पाळणा? दर्यावर थंडी फार पडते वाटतं!"

अख्खी टमटम हसली. ड्रायव्हर हसला तशी गाडी वाकडी गेली.

"थंडी नाय गो," भागी म्हणाली. "नात झालीय. आज बारसं. विहीण वाट बघतेय, आम्ही न येण्याची."

हसू थांबलं. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यातल्या प्रत्येकीला एक विहीण असणार. नथवालीनं आपली पाटी मांडीवर घेतली आणि मला आत ओढलं. ड्रायव्हरच्या पाठीत गुद्दा घातला. "मेल्या, बारशाला चाललीत माणसं. दाब जरा."

टमटम पळाली. पण उलटीकडे! मी मान वळवून बघतोय, तळेकुंडचं टोक मागे मागे चाललंय, बारीक होतंय. भागीला विचारलं तर ती नथवालीशी बांगड्याच्या भावावर बोलतेय.

कोतळीचा बाजार म्हणजे जत्रा. चारी बाजूंनी गाड्या येतायत, माणसं ओततायत. मी पाळणा धरून उभा, आणि भागी गाड्यांमधून फिरतेय. माणसांकडे बघत नाही. गाड्यांच्या पोटात बघतेय. एका पिकअपपाशी थांबली. मागे शेळ्यांच्या लेंड्या, ताज्या.

"शेळ्या कुठल्या आणल्यास रे?" तिनं ड्रायव्हरला विचारलं.

"तळेकुंडच्या अंगाच्या," तो म्हणाला. गजा त्याचं नाव.

"आता परत जाणार ना, दुसरी खेप आणायला? रिकामाच?"

"रिकामाच. पण एक सामान घ्यायचंय मंडपवाल्याकडून."

तेव्हा माझ्या टाळक्यात थोडा उजेड पडला. बाजाराच्या दिवशी सकाळी भरलेल्या गाड्या सगळ्या गावांतून आत येतात, आणि रिकाम्या होऊन त्याच गावांकडे परत जातात. सगळी वाहनं तिथेच सापडणार. सड्यावर कुत्रं पण नव्हतं, इथे तळेकुंडची गाडी आपल्या पायानं चालत आली होती.

बसलो. गाडी मंडपवाल्याच्या दारात गेली. आणि दोन पोऱ्ये आतून काय घेऊन येतात? पाळणा! लोखंडी, चंदेरी रंगाचा, प्लॅस्टिकची फुलं लावलेला, मधे लाल-हिरवे दिवे लुकलुकणारे.

"हा कोणाकडे?" भागीनं विचारलं. आवाज अगदी मऊ. तो मऊ झाला की मी नांगर घट्ट करतो.

"शिगवणांकडे बारसं आहे," गजा म्हणाला. "इंदूकाकू म्हणाल्या, सुनेच्या माहेरचे दर्यावरचे लोक. त्यांचा काय भरवसा. बाराच्या आत हा आणून टाक."

भागी गाडीतून उतरली. त्या लोखंडी पाळण्याच्या दांडीवर हात ठेवला. "हा इथेच राहू दे."

"आवशी! काकू मला घरात घ्यायच्या नाहीत!"

"शिव्या देतील?"

"देतील तर!"

"आमच्या शिव्या ऐकल्यास कधी? बंदरावरच्या?"

गजानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. म्हटलं, "बाबा, ऐकू नको."

"दोन्ही नेतो की मग," तो रडकुंडीला आला. "जागा आहे."

"एका बाळाला दोन पाळणे?" भागी म्हणाली. "आणि रिकामा पाळणा हलवत नाहीत, माहीत आहे ना तुला? खड्ड्या-खड्ड्यातून हा हलत जाणार. लहान बाळाचं घर ते. उद्या काय झालं तर इंदूकाकू कोणाला धरील?"

गजाचा चेहरा पडला. "ते पण खरं."

मी हळूच तिच्या कानात म्हटलं, "अगो, आपला पण रिकामाच आहे."

"आपल्यात नारळ आहे," ती म्हणाली आणि पुढे जाऊन बसली.

लोखंडी पाळणा मंडपवाल्याच्या दारात लुकलुकत राहिला. गाडी निघाली. हमरस्ता, डांबरी, गुळगुळीत. सड्याच्या खालून, वळसा घालून, पण सुसाट. एका वळणावर वर सडा दिसला. तिथे कुठेतरी झाडाला टेकून माझी सायकल उभी होती, वाकड्या चाकाची.

भागीनं पण तिकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "काय ओ तांडेल, वारा समोरून असला की काय करतात?"

मी दंडातला काटा चाचपला.

"आधी बाजूला जातात," तीच म्हणाली. "वारा नेतो तिथे. मग वळतात."

अहो, मी जन्मभर शिडं वळवली. आणि त्या पिकअपमध्ये, शेळ्यांच्या वासात, मला पहिल्यांदा कळलं की ही बाई पण जन्मभर तेच करत आली. पाटी डोक्यावर घेऊन, कोरड्या जमिनीवर. कोणी शिकवलं नाही, कोणी तिला तांडेल म्हटलं नाही.

तळेकुंडला पोचलो तर अंगण बायांनी भरलेलं. घुगऱ्यांचं पातेलं बाहेर आलेलं. बाळाची आत्या नटून थटून बसलेली. वनी आत खांबाला टेकून, डोक्याला फडकं बांधलेलं, डोळे दाराकडे. विहीणबाई गाडीचा आवाज ऐकून बाहेर आल्या. "आणलास का रे गजा पाळ..."

भागी उतरली. केसांत शेळीचं गवत, पदराला मासळीचा वास, हातात कुंची.

"आणला," ती म्हणाली.

बाळ अजून वनीच्या मांडीवर होतं. भागीचा शब्द पाळला गेला होता.

मी आत जाऊन तुळईला दोर टाकला. स्टूल आणा म्हणाले, मी म्हटलं कशाला, आणि खांबाला धरून वर गेलो, डोलकाठीवर जातो तसा. गाठी मारल्या. पाळणा असा टांगला की पाण्याची वाटी ठेवली तर थेंब सांडायचा नाही. बाया बघत राहिल्या. सागवानाला हात लावून बघायला लागल्या.

विहीणबाईंचा जीव मात्र दुसरीकडे. "पण तुम्ही आलात कशा? यष्टी सहलीला गेलेली, सड्यावर आज चिटपाखरू नाही. आम्हालाच ठाऊक. आम्ही तर धरूनच चाललो होतो..."

भागीनं पदर डोक्यावर ओढला. व्याह्यांसमोर ती अशीच, खाली बघून बोलायची. "यांनी आणलं," म्हणाली. "तांडेल आहेत ना ते."

सगळं अंगण माझ्याकडे बघायला लागलं. व्याही कौतुकानं मान हलवायला लागले. आता मी नुसता मिशीवर हात फिरवला असता तरी चाललं असतं. पण दंडात तो काटा होता ना, तिनं ठेवलेला. तो टोचला.

"नाही विहीणबाई," मी म्हटलं, मोठ्यानं. माझा आवाज तसाही वाऱ्यात ओरडायचा. "मालवणपासून वेळणपर्यंत मी आणलं. तिथून पुढे हिनं. मी आणत होतो तर करवंदीत पडलो, हे काटे बघा. पाण्यात मी तांडेल असेन. जमिनीवर आमच्यात तांडेल ही आहे."

आमच्या लोकांत बाईला तांडेल म्हणत नाहीत हो. मी पण त्या दिवसापर्यंत कधी म्हटलं नव्हतं. भागीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. असं तिनं लग्नात पण पाहिलं नव्हतं.

मग वनी बोलली. बारा दिवसांची ओली बाळंतीण, पण आवाज आईचा. "सासूबाई, माझं माहेर तरंगतं म्हणत होतात ना? बघा, चालतं पण."

बाया हसल्या. या वेळी वनी पण हसली, खरं. विहीणबाईंचं तोंड आधी लहान झालं, मग त्या पण हसायला लागल्या. तिखट बाई, पण मनाची मोठी, खोटं कशाला बोलू. बाळ पाळण्यात घातलं, आत्यानं कानात कुर्र केलं, नाव ठेवलं तन्वी. मला ते अजून नीट म्हणता येत नाही, मी बाय म्हणतो. आणि आत्या पाळण्याची दोरी धरणार तेवढ्यात विहीणबाईंनी ती काढून घेतली आणि भागीच्या हातात दिली.

"पहिला झोका तांडेलबाईंनी द्यायचा," म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला वनीला दिवस गेले तेव्हा डोहाळजेवण कुठे झालं, सांगा? लोक पुठ्ठ्याची नाव करतात, चमकी लावतात, तीत पोरीला बसवून फोटो काढतात. माझ्या पोरीचं खऱ्या नावेत झालं. तिथे, गुलबानूत. विहीणबाई स्वतः आल्या, डोलकाठीला मिठी मारून बसल्या आणि डोळे मिटून गाणी म्हटली. पोहायचं कोणी नाव काढलं नाही.

ती बघा, फेरी सुटली तिकडून. आता बसा गाडीत, पहिला नंबर तुमचाच.

फक्त एक काम करा. आज आमच्या बायचं शाळेत गॅदरिंग आहे, नाचात आहे ती. वारा फिरलाय, नांगर सोडून मला जाता येत नाही. भागी मघाच्या फेरीनं पलीकडे गेली. उतरलात की डाव्या हाताला चिंच आहे. तिच्याखाली हिरव्या लुगड्यातली म्हातारी असेल, हातात पिशवी. नसली तर समजा पोचली पण, तुमचा त्रास वाचला. पण असली, आणि तिनं हात केला, तर गाडी थांबवा. पुढच्या सीटवर बसवा, मागे तिला आवडत नाही. आणि ती म्हणाली, आधी उलटीकडे चल, तर बाबा, माझं ऐका. वाद घालू नका. चला.